क्लॅमिडिया पॉझिटिव्ह, त्रास मात्र काहीच नाही: काळजी कशाची आणि किती?

प्रश्न असा आहे: नेहमीच्या तपासणीत एका स्त्रीचा क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या संसर्गाचा अहवाल पॉझिटिव्ह आला. तिला त्रास काहीच नव्हता, जोडीदारालाही नाही. एका डॉक्टरांनी ‘एक डोस घ्या, विषय संपला’ असं सांगितलं. दुसरीकडे वाचायला मिळालं की यामुळे मूल होत नाही. खरं काय, संसर्ग नेमका कुणाकडून आला आणि आजवरचं संशोधन काय सांगतं?

दोन्ही विधानं अर्धी खरी आहेत. जंतू मारणं सोपं आहे, हे खरं. काही स्त्रियांच्या गर्भनलिका यामुळे कायमच्या बिघडतात, हेही खरं. पण इजा होते ती मुख्यतः शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारातून. संसर्ग पुन्हा पुन्हा झाला किंवा वर सरकून ओटीपोटात पोहोचला, तर धोका वाढतो. म्हणून औषधाच्या नावाइतकंच महत्त्व जोडीदाराच्या उपचाराला आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासण्याला आहे. नेमकी हीच दोन कामं सर्वांत जास्त राहून जातात.

आधी जंतूबद्दल, कारण पुढचं बरंच काही त्याच्या स्वभावावर अवलंबून आहे. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस हा जिवाणू असला तरी राहणी विषाणूसारखी. माणसाच्या पेशीत शिरल्याशिवाय तो वाढू शकत नाही. १९०७ साली जावा बेटावर हालबरस्टेटर आणि फॉन प्रोवाझेक यांनी खुपरी या डोळ्यांच्या रोगाचा अभ्यास करताना डोळ्याच्या पेशींमध्ये त्याचे पुंजके पाहिले. केंद्रकाभोवती झगा पांघरल्यासारखे ते दिसत, म्हणून ‘झगा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पुढे हे नाव पडलं. खुपरी आणि लैंगिक संसर्ग हे एकाच जातीचे उद्योग आहेत, फक्त उपप्रकार वेगळे. ए ते सी डोळ्यांत खुपरी करतात, डी ते के जननमार्गात राहतात, आणि एल१ ते एल३ हे लसिका ग्रंथींपर्यंत घुसणारा एलजीव्ही हा जास्त आक्रमक आजार करतात.

या जंतूची दोन रूपं असतात. एक टणक, सुमारे ०.३ मायक्रोमीटरचं, पेशीबाहेर तग धरणारं पण जवळजवळ निष्क्रिय. ते पेशीत शिरलं की सुमारे १ मायक्रोमीटरच्या मऊ रूपात बदलतं आणि विभागू लागतं. नंतर पुन्हा टणक रूपं तयार होतात, पेशी फुटते आणि ती शेजारच्या पेशींत शिरतात. हा फेरा ४८ ते ७२ तासांचा. प्रतिजैविकं वाढत्या रूपावर काम करतात, झोपलेल्यावर फारशी नाही. त्यामुळे औषध काही फेरे पुरेल इतके दिवस पेशीच्या आत टिकलं पाहिजे. डॉक्सिसायक्लिन सात दिवस का, आणि अझिथ्रोमायसिन एकाच डोसात कसं चालतं, याचं उत्तर इथे आहे: अझिथ्रोमायसिन ऊतींमध्ये कित्येक दिवस रेंगाळतं. पेनिसिलिनच्या गटातली औषधं मात्र या जंतूला मारण्याऐवजी पुष्कळदा फुगलेल्या, थिजलेल्या अवस्थेत ढकलतात. औषध थांबलं की तो पुन्हा जागा होऊ शकतो. प्रयोगशाळेत हे वारंवार दिसलेलं आहे.

अशीच थिजलेली अवस्था शरीराच्या प्रतिकारामुळेही येते. संसर्ग झालेल्या पेशीला इंटरफेरॉन-गॅमा या प्रतिकाराच्या रसायनाचा इशारा मिळाला की ती ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल तोडून टाकते. जंतूला ते बाहेरून लागतं, म्हणून तो उपाशी पडतो. पण जननमार्गातल्या उपप्रकारांकडे इंडोलपासून ट्रिप्टोफॅन बनवण्याची जनुकं शाबूत आहेत, डोळ्यातल्या उपप्रकारांकडे ती निकामी झालेली आहेत. इंडोल पुरवतात कोण? योनीतले काही इतर जिवाणू. योनीतले लॅक्टोबॅसिलस हे हितकारक जिवाणू कमी होऊन इतर जंतू माजतात त्या अवस्थेत, म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये, क्लॅमिडिया जास्त आढळतो. त्यामागचं एक कारण हे असावं, असं मानलं जातं.

‘कुणाकडून आला’ या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर: चाचणीवरून कळत नाही. पॉझिटिव्ह अहवाल आज जंतू आहे एवढंच सांगतो, तारीख सांगत नाही. बहुतेक स्त्रियांना आणि निम्म्याच्या आसपास पुरुषांना काही जाणवतच नाही. उपचाराविना संसर्ग किती काळ टिकतो, हे कोलंबियातल्या स्त्रियांच्या एका दीर्घ अभ्यासात पाहिलं गेलं. वर्षभरात जवळपास निम्म्या स्त्रियांच्या शरीरातून तो आपोआप गेला, पण दोन वर्षांनीही सुमारे १८ टक्के आणि चार वर्षांनी सुमारे ६ टक्के स्त्रियांमध्ये सापडत राहिला. म्हणजे आजचा अहवाल आधीच्या नात्यातलाही असू शकतो. एकाचा पॉझिटिव्ह आणि दुसऱ्याचा निगेटिव्ह यावरूनही काही सिद्ध होत नाही. निगेटिव्ह निघालेल्याला संसर्ग झालाच नसेल, किंवा होऊन गेलाही असेल. नात्याचा निवाडा प्रयोगशाळेच्या कागदावर करू नये. शौचालयाची सीट, टॉवेल, पोहण्याचा तलाव यांतून हा संसर्ग होत नाही, तेव्हा तिकडेही बोट दाखवण्यात अर्थ नाही.

आता इजेबद्दल. गर्भाशयमुखाच्या आतल्या अस्तरातून जंतू गर्भाशयात आणि तिथून गर्भनलिकांत चढला, तर ओटीपोटाचा दाह होतो, ज्याला डॉक्टर पीआयडी म्हणतात. नलिकेच्या आतल्या पेशींवर बारीक केसांसारखे सिलिया असतात. बीज पुढे सरकवण्याचं काम त्यांचं. संसर्ग झालेल्या पेशी धोक्याची रसायनं सोडतात, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि या गर्दीत सिलिया असलेल्या निरोगी पेशीही मरतात. जागा भरून काढायला व्रणाची ऊती येते. नलिका पूर्ण बंद झाली तर बीज आणि शुक्राणूची गाठच पडत नाही. अर्धवट खराब झाली तर गर्भ वाटेत अडकून नलिकेतच रुजतो. ही एक्टॉपिक गर्भधारणा नलिका फुटल्यास जिवावर बेतते. दुसऱ्या-तिसऱ्या संसर्गात प्रतिकार आधीच सज्ज असतो, तो लवकर आणि जोरात तुटून पडतो. वारंवारच्या संसर्गाने नुकसान का वाढतं, याचं एक स्पष्टीकरण हेच. कुणात ही इजा होईल हे आधी सांगणारी भरवशाची चाचणी मात्र नाही.

‘मूल होत नाही’ हे वाक्य किती ताणलेलं आहे ते आकड्यांतून दिसतं. उपचार न झालेल्या स्त्रियांपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांना लक्षणांसह पीआयडी होतो, असा रूढ अंदाज आहे. लंडनमधल्या सुमारे अडीच हजार विद्यार्थिनींवरचा २०१० साली प्रसिद्ध झालेला पॉपी हा अभ्यास इथे फार उपयोगी आहे. सगळ्यांनी सुरुवातीला स्वॅब दिले. अर्ध्यांचे लगेच तपासले, उरलेल्यांचे वर्षभर साठवून ठेवले. सुरुवातीलाच क्लॅमिडिया असूनही ज्यांना तो वर्षभर कळवला गेला नाही, अशा ७४ जणींपैकी ७ जणींना पीआयडी झाला, म्हणजे ९.५ टक्के. लगेच उपचार झालेल्या ६३ जणींपैकी एकीलाच झाला. पण त्याच अभ्यासात वर्षभरात पीआयडी झालेल्यांपैकी बहुतेक जणींची सुरुवातीची क्लॅमिडिया चाचणी निगेटिव्ह होती. एकतर संसर्ग नंतर झाला, किंवा दाह दुसऱ्याच जंतूंमुळे झाला. एकदाच तपासून निर्धास्त होणं किती तोकडं आहे, ते यातून दिसतं.

पीआयडी झाल्यानंतर पुढे काय, याचे सर्वांत जास्त उद्धृत होणारे आकडे स्वीडनमधल्या लुंडचे आहेत. पोटात दुर्बीण घालून खात्री केलेला दाह एकदा झालेल्या स्त्रियांत नलिकांमुळे आलेलं वंध्यत्व ८ टक्के, दोनदा झालेल्यांत १९.५ टक्के आणि तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांत ४० टक्के. हे आकडे वाचताना एक पथ्य पाळावं. तो दाह फक्त क्लॅमिडियाचा नव्हता, गोनोरियाचाही होता, आणि त्या स्त्रिया रुग्णालयापर्यंत पोहोचण्याइतक्या आजारी होत्या. लक्षणांशिवाय सापडलेल्या एका संसर्गाला हे आकडे सरळ लावले तर उगाच घबराट होते. डेन्मार्कमधल्या लाखो स्त्रियांच्या नोंदींचं चित्र जास्त सौम्य आहे. कधीतरी पॉझिटिव्ह निघालेल्यांना पीआयडी, एक्टॉपिक आणि नलिकांच्या वंध्यत्वाचा धोका निगेटिव्ह स्त्रियांपेक्षा निदान ३० टक्क्यांनी जास्त होता आणि संसर्ग पुन्हा झाला की पीआयडीचा धोका आणखी सुमारे २० टक्क्यांनी वाढला. मुळात लहान असलेला धोका ३० टक्क्यांनी वाढला तरी लहानच राहतो. वेळेत सापडलेल्या, नीट उपचार झालेल्या एका संसर्गानंतर बहुसंख्य स्त्रियांना अडचण न येता दिवस राहतात.

दिरंगाई मात्र महाग पडते. ओटीपोटात दुखू लागल्यावर तीन दिवसांहून जास्त थांबलेल्या स्त्रियांत पुढे वंध्यत्व किंवा एक्टॉपिकचं प्रमाण लवकर आलेल्यांच्या सुमारे तिप्पट होतं, असं पीआयडीच्या रुग्णांवरच्या एका जुन्या अभ्यासात दिसलं होतं. म्हणून ओटीपोटात नवं दुखणं, संबंधाच्या वेळी खोलवर वेदना, संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव, ताप, यांपैकी काही असेल तर अहवालाची वाट न पाहता तपासून घ्यावं. उजव्या बरगडीखाली, श्वास घेताना वाढणारं दुखणं कधी कधी पित्ताशयाचं समजलं जातं. प्रत्यक्षात ती यकृताच्या आवरणाला आलेली सूज असते. पाळी चुकलेली असताना एका बाजूला कळ येऊन चक्कर आली, तर तो एक्टॉपिकचा इशारा समजून त्याच क्षणी रुग्णालय गाठावं.

पुरुषांत लक्षणं दिसलीच तर लघवीला जळजळ आणि सकाळी मूत्रमार्गातून पातळसर स्राव. जंतू पुढे गेला तर अंडकोषामागची शुक्राणू साठवणारी नळी, म्हणजे एपिडिडिमिस, सुजते, बहुधा एकाच बाजूची. तरुणात एका बाजूचा अंडकोष अचानक भयंकर दुखू लागला, तर संसर्गाच्या आधी अंडकोषाला पीळ पडल्याची शंका घ्यावी लागते, कारण तिथे काही तासांतच अंडकोष गमावला जातो. वीर्याच्या गुणवत्तेवरचं संशोधन आपसांत जुळत नाही. काही अभ्यासांत शुक्राणूंची हालचाल आणि डीएनए बिघडलेला दिसतो, काहींत फरकच दिसत नाही. ‘क्लॅमिडियामुळे पुरुष वांझ होतो’ असं ठामपणे म्हणण्याइतका आधार नाही. गुदमार्गात आणि घशातही हा संसर्ग बसतो आणि बहुधा गुपचूप. काही जणांत, विशेषतः एचएलए-बी२७ हे आनुवंशिक लक्षण असलेल्यांत, काही आठवड्यांनी गुडघा-घोटा सुजतो. तो सांध्याचा दाह प्रतिक्रियेतून आलेला असतो.

चाचणीत चुका कुठे होतात ते नीट समजून घ्या. आज योग्य चाचणी एकच: जंतूचं न्यूक्लिइक आम्ल वाढवून शोधणारी, प्रयोगशाळेत जिला नॅट म्हणतात. पीसीआर तिचाच प्रकार. स्त्रियांसाठी उत्तम नमुना योनीतला स्वॅब. तो स्वतः घेतला तरी डॉक्टरांनी घेतल्याइतकाच चांगला असतो. स्वॅब साधारण ५ सेंटिमीटर आत सरकवून, भिंतींना लागेल असा १० ते ३० सेकंद फिरवायचा, थेट नळीत घालायचा, खुणेवर मोडायचा आणि झाकण घट्ट लावायचं. नळीतलं द्रव सांडलं तर नळी बदलून घ्यावी, वरून पाणी घालू नये. स्त्रीची लघवी तपासली तर १० टक्क्यांपर्यंत संसर्ग निसटू शकतात. पुरुषांसाठी लघवी पुरते, पण ती धारेच्या सुरुवातीची हवी, २० ते ३० मिलिलिटर, आणि आधी निदान एक तास लघवी केलेली नसावी. इतर लघवीच्या तपासण्यांसाठी ‘मधल्या धारेची’ घ्यायची सवय असते. इथे नेमकं उलटं आहे. डबा काठोकाठ भरला तर जंतू पातळ होऊन चाचणी चुकते. गुदमार्ग किंवा घशातून संबंध आला असेल तर तिथला वेगळा स्वॅब लागतो. लघवीचा निगेटिव्ह अहवाल त्या जागांबद्दल काहीच सांगत नाही.

संबंधानंतर दोनच दिवसांत केलेली चाचणी निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबू नये, दोन आठवड्यांनी पुन्हा करावी. रक्तातली आयजीएम-आयजीजी प्रतिपिंडं सध्याच्या जननमार्गाच्या संसर्गाचं निदान करत नाहीत. ती चाचणी या कामासाठी लिहून दिली गेली तर ‘का’ असं विचारायला हरकत नाही. श्वसनाच्या क्लॅमिडिया जातीशीही तिची गल्लत होते. आणि धोका कमी असलेल्या माणसात पॉझिटिव्ह अहवालही थोडा तपासून घ्यावा. समजा १००० जणांत १० जणांना संसर्ग आहे, चाचणी ९५ टक्के संवेदनशील (शंभर रुग्णांपैकी ९५ पकडणारी) आणि ९९ टक्के विशिष्ट (शंभर निरोगींपैकी ९९ जणांना निगेटिव्ह ठरवणारी) आहे. ती ९ किंवा १० खरे रुग्ण पकडेल, आणि उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी जवळपास १० जणांना खोटंच पॉझिटिव्ह ठरवेल. म्हणजे निम्मे पॉझिटिव्ह खोटे. आजच्या चांगल्या चाचण्यांची विशिष्टता याहून जास्त असते, पण तत्त्व तेच राहतं. जंतूही कधी चाचणीला चकवतो. २००६ साली स्वीडनमध्ये असा प्रकार सापडला, ज्याच्या प्लाझ्मिडमधला, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळातला, ३७७ अक्षरांचा तुकडा गळून गेला होता. दोन मोठ्या कंपन्यांच्या चाचण्या नेमक्या तोच भाग शोधत होत्या, त्यामुळे हजारो रुग्ण निगेटिव्ह ठरून घरी गेले. २०१९ मध्ये फिनलंडमध्ये वेगळ्या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने दुसऱ्या चाचणीची तीच गत केली. म्हणून आता बऱ्याच चाचण्या एकाऐवजी दोन ठिकाणं शोधतात.

उपचार. पहिली पसंती डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. अझिथ्रोमायसिन १ ग्रॅमचा एक डोस हा पर्याय. कित्येक वर्षं दोन्ही सारखेच समजले जात. जननमार्गापुरता फरक खरोखरच लहान आहे. २०१५ च्या एका अभ्यासात सगळे डोस समोर बसवून दिले गेले, तेव्हा डॉक्सिसायक्लिनचं यश १०० टक्के आणि अझिथ्रोमायसिनचं ९७ टक्के आलं. गुदमार्गात मात्र तफावत मोठी निघाली. ऑस्ट्रेलियातल्या पुरुषांच्या २०२१ च्या चाचणीत अनुक्रमे ९६.९ आणि ७६.४ टक्के, फ्रान्समधल्या स्त्रियांत ९४ आणि ८५ टक्के. ‘मला गुदमार्गाचा काय संबंध’ असं वाटेल. पण योनीत संसर्ग असलेल्या बऱ्याच स्त्रियांच्या गुदमार्गातही तो सापडतो, मग तसा संबंध आलेला असो वा नसो. तिथे उरलेला जंतू पुन्हा पुढे येऊ शकतो, अशी शंका आहे. म्हणून, गरोदरपण नसेल आणि सात दिवस गोळ्या घेणं जमत असेल तर डॉक्सिसायक्लिनच घ्यावं, असं माझं मत. दोन-चार डोस हमखास चुकणार असतील, तर एका डोसाचं औषध समोरच घेतलेलं बरं.

डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर, बसून किंवा उभं राहून घ्या आणि अर्धा तास तरी आडवे होऊ नका. झोपताना एका घोटाबरोबर घेतलेली गोळी अन्ननलिकेत चिकटून व्रण करते, मग छातीत असं जळतं की लोक हृदयाच्या डॉक्टरकडे धावतात. लोह, कॅल्शियम, अँटासिड यांच्यापासून दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध शोषलंच जात नाही. या दिवसांत ऊन जास्त भाजतं. अझिथ्रोमायसिन घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर डॉक्टरांना कळवा, डोस पुन्हा लागू शकतो. पीआयडी असेल तर हे औषध एकटं पुरत नाही. तिथे सेफ्ट्रायॅक्सोनचं इंजेक्शन आणि डॉक्सिसायक्लिनसह मेट्रोनिडाझोल, दोन्ही गोळ्या चौदा दिवस, असा प्रघात आहे. एलजीव्हीला डॉक्सिसायक्लिन एकवीस दिवस. गोनोरिया, एचआयव्ही आणि सिफिलिस यांची तपासणी त्याच भेटीत करून घ्यावी. औषधाला दाद न देणारा क्लॅमिडिया माणसात पक्का झालेला नाही, त्यामुळे ‘उपचार फसला’ असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा खरं कारण पुन्हा संसर्ग किंवा चुकलेल्या गोळ्या हेच निघतं.

मग मुख्य काम. गेल्या ६० दिवसांतल्या प्रत्येक जोडीदाराला कळवून तपासणी आणि उपचार करायचा. त्या काळात कुणी नसेल तर सगळ्यात अलीकडच्या जोडीदाराला. त्याचा अहवाल येईपर्यंत थांबण्याची गरज नाही, उपचार सोबतच सुरू करतात. सात दिवसांचा कोर्स पूर्ण होईपर्यंत, किंवा एका डोसानंतर सात दिवस, आणि जोडीदाराचंही तेवढंच होईपर्यंत संबंध बंद, कंडोम लावूनसुद्धा. नेहमीची चूक अशी: तिने सोमवारी गोळ्या सुरू केल्या, त्याने पुढच्या शनिवारी, आणि मधल्या रविवारी संबंध आला. दोघांनीही औषध घेतलं आणि दोघांपैकी एक पुन्हा संसर्ग घेऊन बसला. सांगायला अवघड जात असेल तर दोष कुणाचा हे न काढता एवढं सांगावं: ‘माझ्या तपासणीत क्लॅमिडिया निघाला. त्रास नसतानाही असतो. तूही औषध घे, तोवर थांबू.’

उपचारानंतर लगेच पुन्हा चाचणी करू नका. मेलेल्या जंतूंचं न्यूक्लिइक आम्ल तीन-चार आठवडे रेंगाळतं, नॅट ते शोधून काढते आणि बरा झालेला माणूस पॉझिटिव्ह ठरतो. गरोदरपणात, किंवा गोळ्या नीट घेतल्या गेल्या नसतील तर, चार आठवड्यांनी खात्रीची चाचणी करतात. बाकीच्यांनी तीन महिन्यांनी करायची. ही ‘औषध लागू पडलं का’ हे पाहण्यासाठी नसते, पुन्हा संसर्ग पकडण्यासाठी असते. वेगवेगळ्या अभ्यासांत उपचार झालेल्या स्त्रियांपैकी साधारण सातातल्या एकीला काही महिन्यांत संसर्ग पुन्हा झालेला दिसतो. फोनमध्ये तारीख टाकून ठेवा.

गरोदरपणात अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, ते चालत नसेल तर अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा सात दिवस. थिजण्याचा जो मुद्दा वर आला त्यामुळेच अमॉक्सिसिलिन दुसऱ्या क्रमांकावर आहे. डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात टाळतात. उपचार राहून गेला तर प्रसूतीत बाळाला संसर्ग होऊ शकतो. पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास डोळे येतात, आणि एक ते तीन महिन्यांत ताप नसलेला, तुटक तुटक खोकल्याचा न्युमोनिया होतो. डोळ्यांत टाकायचं मलम पुरत नाही, कारण जंतू घशात आणि फुप्फुसातही असतो. पोटात एरिथ्रोमायसिन दिवसाला किलोमागे ५० मिलिग्रॅम, चार भागांत, चौदा दिवस देतात. अगदी लहान बाळात याने जठराचं तोंड आकसण्याचा धोका किंचित वाढतो, म्हणून जोरात, उडून पडणाऱ्या उलट्या होतात का यावर नजर ठेवावी लागते.

पूर्वी संसर्ग होऊन गेला आणि आता मूल हवं आहे, तर आधीच घाबरून नलिका तपासायला धावू नका. पस्तिशीच्या आतल्या स्त्रीने वर्षभर आणि त्यापुढच्या वयात सहा महिने प्रयत्न करून पाहावेत, हा नेहमीचाच नियम. पीआयडी होऊन गेला असेल, एक्टॉपिक झाली असेल किंवा संसर्ग दोन-तीनदा झाला असेल, तर तेवढं न थांबता नलिकांची तपासणी लवकर करून घ्यावी. रंगद्रव्य घालून क्ष-किरणाने नलिका उघड्या आहेत का ते पाहतात. त्याआधी सध्याचा संसर्ग नाही याची खात्री हवी, कारण द्रवाच्या दाबाने जंतू वर ढकलला जातो. नलिका उघडी दिसली तरी आतले सिलिया शाबूत आहेत, असं त्यातून सिद्ध होत नाही. दिवस राहिले की सहाव्या-सातव्या आठवड्यात गर्भ गर्भाशयातच आहे ना, हे सोनोग्राफीने पाहून घ्यावं. नलिका पाणी भरून फुगलेली असेल तर ती काढून किंवा बंद करून मग टेस्ट ट्यूबचा मार्ग घेतल्यास यश वाढतं.

सर्व तरुणांना सरसकट तपासलं तर रोगच कमी होईल, अशी आशा बरीच वर्षं होती. नेदरलँड्समध्ये दरवर्षी आमंत्रण पाठवून पाहिलं. पहिल्या फेरीत सहातल्या एकाने प्रतिसाद दिला, तिसऱ्या फेरीपर्यंत तो दहातल्या एकापर्यंत घसरला आणि संसर्गाचं प्रमाण हललं नाही. ऑस्ट्रेलियात कुटुंबडॉक्टरांमार्फत तपासण्या वाढवल्या, तिथेही एकूण प्रमाणात ठळक घट दिसली नाही. इंग्लंडने २०२१ मध्ये आपल्या कार्यक्रमाचा हेतूच बदलला. संसर्ग आटोक्यात आणण्यापेक्षा उपचार न झाल्याने होणारी इजा टाळणं, आणि त्यासाठी प्रामुख्याने तरुण स्त्रियांना तपासणं. हा बदल योग्य आहे. तपासणीमुळे त्या व्यक्तीची इजा टळते, याला आधार आहे. समाजातून जंतू हटतो, याला फार थोडा.

संसर्ग जडण्याआधीच औषध घेऊन तो टाळायचा प्रयोगही झाला आहे. संबंधानंतर ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅमचा एक डोस. समलिंगी पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया यांच्यातल्या अमेरिकी चाचणीत क्लॅमिडिया ७० टक्क्यांहून अधिक घटला. केनियातल्या तरुण स्त्रियांच्या चाचणीत मात्र काहीच फायदा दिसला नाही. केसांचे नमुने तपासले, तेव्हा निम्म्याहून जास्त नमुन्यांत औषध सापडलंच नाही. स्त्रियांमध्ये औषध कुचकामी आहे की फक्त घेतलं गेलं नाही, हे त्यामुळे सुटलेलं नाही. स्वतःच्या मनाने हा डोस सुरू करू नये, कारण त्याने इतर जंतूंची औषधाला दाद न देण्याची सवय वाढू शकते.

लसीची वाट बिकट आहे. १९६० च्या दशकात खुपरीविरुद्ध मेलेल्या जंतूंच्या लसी वापरून पाहिल्या. संरक्षण अल्पकाळ टिकलं, आणि काही प्रयोगांत लस घेतलेल्यांचा दाह नंतर जास्त दिसला. म्हणून आता संपूर्ण जंतू न घेता त्याच्या बाहेरच्या प्रथिनाचे निवडक भाग वापरतात. सीटीएच५२२ ही अशी लस लंडनमध्ये ३५ स्त्रियांच्या चाचणीत तपासली गेली आणि २०१९ मध्ये निकाल आले: ती सुरक्षित वाटली आणि प्रतिपिंडं तयार झाली. तिने संसर्ग टळतो का, हे पाहण्यासाठी ती चाचणी नव्हतीच.